मैदानावर रोज येणारे सर

'झुंड' चित्रपटामुळे नागपूरचे विजय बारसे हे नाव घराघरात पोहोचले. अमिताभ बच्चन यांनी रंगवलेले विजय बोराडे हे पात्र बारसे सरांवरूनच बेतलेले आहे. चित्रपट पाहून लोक डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात आणि घरी आल्यावर मुलाला म्हणतात, "खेळ पुरे झाला, आता अभ्यासाला बस." आळंदी परिसरात शिकवताना पालकसभेत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, बारसे सरांचे काम पडद्यापलीकडे जाऊन वाचकांपुढे मांडावे असे फार दिवस मनात होते. कारण त्या कामात आपल्या मोहल्ल्यांसाठी, आपल्या मुलामुलींसाठी उपयोगाचे बरेच काही आहे आणि त्यातले बहुतेक बिनखर्चाचे आहे.

फुटकी बादली

विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या पावसाळ्यात एके दिवशी पाऊस आला म्हणून ते एका झाडाखाली थांबले. समोर झोपडपट्टीतली काही मुले भर पावसात, चिखलात, काहीतरी लाथाडत पळत होती. सरांनी नीट पाहिले, तर तो चेंडू नव्हता. ती फुटकी बादली होती. मुलांनी तिचाच फुटबॉल केला होता.

असे दृश्य आपणही रोज पाहतो. कुठे प्लास्टिकची बाटली असते, कुठे चिंध्यांचा गोळा, कुठे विटांचा स्टंप आणि फळकुटाची बॅट. आपण पाहतो आणि पुढे जातो. बारसे सर पुढे गेले नाहीत. त्यांनी त्या मुलांना खरा फुटबॉल दिला. चेंडू हातात पडताच मुले ज्या आनंदाने खेळली, तो आनंद पाहून त्यांच्या मनात आले की ही मुले जितका वेळ मैदानावर असतील तितका वेळ तरी ती वाईट वाटेपासून दूर राहतील. त्या एका साध्या विचारातून पुढचे सगळे उभे राहिले.

त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलची स्पर्धा भरवायचे ठरवले. शहरातून तब्बल १२८ संघ आले. ज्या वस्त्यांची नावे एरवी पोलीस ठाण्याच्या नोंदीत येत होती, त्या वस्त्यांची नावे आता संघांच्या यादीत आली. यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' हा उपक्रम आणि पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था आकाराला आली. निवृत्तीनंतर मिळालेला पैसा माणूस मुलांच्या लग्नासाठी, घरासाठी, म्हातारपणाच्या औषधांसाठी राखून ठेवतो. बारसे सरांनी त्या पैशातून नागपूरच्या बाहेर जमीन घेतली, मुलांच्या खेळासाठी. पुढे परदेशात गेलेला त्यांचा मुलगा अभिजीत परत आला आणि वडिलांच्या कामात उतरला. २०१६ साली फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिने 'स्लम सॉकर'ला आपला विविधता पुरस्कार दिला. सुरुवात मात्र एका चेंडूने झाली होती.

ज्याला कोणी निवडत नाही त्याचे काय?

महाराष्ट्राला मोठ्या प्रशिक्षकांची कमतरता कधीच नव्हती. मालवणचे रमाकांत आचरेकर सर दादरच्या शिवाजी पार्कवर पिढ्यान् पिढ्या मुले घडवत राहिले. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे, सचिनला बाद करील त्या गोलंदाजाला ते नाणे आणि कोणीच बाद करू शकले नाही तर ते सचिनला, ही त्यांची रीत सर्वांना माहीत आहे. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची गोष्टही तशीच. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. मुलगा सतरा वर्षांचा असताना मुंबईला गेला. तिथे नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईक यांनी त्याला हाताशी धरले, खेळायला संधी दिली, पोटापाण्यासाठी नोकरीची सोय पाहिली. २०११ च्या विश्वचषकात झहीरने २१ बळी घेतले तेव्हा श्रीरामपूरच्या घराइतकाच आनंद नाईक सरांनाही झाला असेल.

ही उदाहरणे मोठी आहेतच. पण त्यांत एक गोष्ट समान आहे. तिथे गुरूला गुणी शिष्य सापडला. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. वर्गात साठ मुले असतील तर त्यांतला एखादा झहीर होण्याच्या वाटेवर असू शकतो, एकोणसाठ नसतात. त्या एकोणसाठांना मैदानाची गरज नाही काय?

बारसे सरांचे वेगळेपण इथेच आहे. त्यांनी खेळाडू निवडले नाहीत. जो आला त्याला घेतले. त्यांच्या दृष्टीने फुटबॉल ही मुलापर्यंत पोहोचण्याची वाट होती. त्या वाटेने मूल मैदानावर आले की त्याला वेळेवर येणे कळते, हरल्यावर हात मिळवणे कळते, पंचाचा निर्णय न पटला तरी मानणे कळते. आमच्या पुस्तकांत याला मूल्यशिक्षण म्हणतात आणि त्यासाठी तासिका असतात. मैदानावर त्याला तासिका लागत नाही.

अखिलेश पॉल या तरुणाची कहाणी अनेकांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये आमिर खान यांच्या 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमात पाहिली असेल. नागपूरच्या वस्तीत वाढलेला हा मुलगा लहान वयात जुगार, नशा आणि मारामाऱ्यांत सापडला. पोलिसांचा ससेमिरा मागे लागला. अशा दिवसांत फुटबॉल त्याच्या आयुष्यात आला. हळूहळू तो त्यात रमला आणि २०१० साली ब्राझीलच्या रिओ शहरात बेघर-वंचितांच्या विश्वचषकात भारतीय संघाचा कर्णधार झाला. नंतर तो स्वतः मुलांना शिकवू लागला.

हा विश्वचषकही समजून घेण्यासारखा आहे. 'होमलेस वर्ल्ड कप' नावाची ही स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात सुरू झाली. तिथे एका संघाचे चारच खेळाडू मैदानात असतात, त्यांतला एक गोलरक्षक. मैदान अवघे २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. आणि नियम असा की खेळाडूला आयुष्यात एकदाच या स्पर्धेत खेळता येते. एकदा खेळलात की पुढच्या वर्षी तुमची जागा दुसऱ्या कोणाची. म्हणजे ही स्पर्धा तारे घडवण्यासाठी नाहीच. माणसाला एकदा उभे करावे, त्याने मग दुसऱ्याला उभे करावे, यासाठी ती आहे.

कारखान्यांच्या पट्ट्यातली मुले

आता आपल्या भागाकडे पाहू. आळंदी, चऱ्होली, मरकळ, मोशी, चाकण या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कामाला आलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांत आपली कुटुंबेही पुष्कळ आहेत. वडील पाळीत काम करतात. पहिली पाळी असेल तर पहाटे बाहेर, तिसरी असेल तर दिवसा झोप. मूल शाळेतून घरी येते तेव्हा अब्बा एकतर कामावर असतात किंवा "आवाज करू नका" म्हणत चादर ओढून पडलेले असतात. अम्मी घरकामात किंवा तीही कुठे पॅकिंगच्या कामाला. खोली दहा बाय बाराची. अशा खोलीत चार-पाच वाजता मुलाने करायचे काय? हातात मोबाईल येतो. मोबाईल नसेल तर कोपऱ्यावरचा घोळका असतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी आठवीतल्या मुलाच्या खिशात पुडी सापडते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी घाम येईल अशी हालचाल केली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान हवे असे लिहिले आहे. खेळणे हा मुलाचा हक्क आहे असे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात म्हटले आहे आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. कागदावर सारे आहे. नसतो तो मैदानावर रोज येणारा एक मोठा माणूस.

आळंदीत राहणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इथे वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून चालू आहे. दूरदूरच्या खेड्यांतून मुले इथे येतात, पखवाज शिकतात, कीर्तन शिकतात. पहाटे गल्लीतून जाताना पखवाजाचे बोल कानी पडतात. त्या मुलांतले किती नामांकित कीर्तनकार होतील, असे कोणी विचारत नाही. शिकवणारा रोज बसतो म्हणून मुले शिकतात. आपल्या मकतबातही तेच. फजरनंतर हाफिजसाहेब ठरल्या वेळेला येतात म्हणून लहान लहान मुले डोळे चोळत का होईना, कायदा घेऊन पोहोचतात. एक दिवस हाफिजसाहेब आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी निम्मी मुले कमी होतात. मैदानाचे गणित याहून निराळे नाही.

'झुंड'मध्ये एक प्रसंग आहे. बोराडे सर मुलांना खेळायचे पैसे देतात. मुले पैशासाठी खेळायला येतात. काही दिवसांनी सर सांगतात की आता पैसे नाहीत. तोपर्यंत मुलांना खेळाची गोडी लागलेली असते आणि ती बिनपैशांची खेळू लागतात. चित्रपटातली गोष्ट चित्रपटाची म्हणून सोडून देऊ, पण शिक्षक म्हणून आम्हाला त्यात तथ्य वाटते. वाईट सवय जशी रोजच्या रोज लागते, तशीच चांगलीही रोजच्या रोजच लागते. वर्षातून एकदा भरणाऱ्या क्रीडा महोत्सवाने ती लागत नाही.

पालकांचे तीन प्रश्न

पालकसभेत आम्हाला तीन प्रश्न नेहमी विचारले जातात.

पहिला, अभ्यासाचे काय? उत्तर असे की असरपासून मगरिबपर्यंतचा वेळ तसाही अभ्यासात जात नाही, मोबाईलमध्ये जातो. तो वेळ मैदानाला द्या. मगरिबनंतर पुस्तक. घामाघूम होऊन आलेले मूल हातपाय धुऊन बसले की त्याचे चित्त लागते. बारसे सरांच्या संस्थेने तर खेळातूनच गणित आणि इंग्रजी शिकवण्याचे उपक्रम चालवले. गोलची बेरीज, मैदानाची लांबी-रुंदी, वेळेचे हिशेब हे सगळे गणितच आहे.

दुसरा, संगत बिघडेल त्याचे काय? संगत बिघडते ती जिथे मोठे माणूस नसते तिथे. जिथे शिट्टी घेऊन कोणी उभे आहे, हजेरी घेते आहे, शिवी दिली तर बाहेर बसवते आहे, तिथे संगत सुधारते. पण यातच एक काळजीही सांगून ठेवतो. मुलांबरोबर काम करणारी माणसे कधीही एकटीदुकटी नसावीत. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसे हवीत, उघड्यावर हवीत आणि पालकांनी अधूनमधून न सांगता चक्कर मारावी. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

तिसरा प्रश्न मुलींचा. तो बहुधा तोंडाने विचारला जात नाही. मुलगी सातवीत गेली की ती मैदानावरून आपोआप गायब होते. याचे उत्तर देण्यासाठी थोडे लांब, अमेरिकेत जावे लागेल.

तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचे एकेकाळचे लाकडाच्या धंद्याचे गाव आहे. कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका साध्या कारकुनाने १९३९ साली तिथल्या लहान मुलांसाठी बेसबॉलचे तीन संघ केले. बेसबॉल हा त्यांचा गल्लीतला खेळ, जसे आपले क्रिकेट. मोठ्यांचे मैदान मुलांना लांब पडते म्हणून त्याने मैदान लहान केले. गणवेशाचे पैसे नव्हते म्हणून गावातल्या धंदेवाल्यांची दारे ठोठावली. शेवटी एक दूध डेअरी, एक लाकडाची वखार आणि एक खारी बिस्किटे करणारी कंपनी अशा तिघांनी एकेक संघ घेतला. त्यातून 'लिटल लीग' उभी राहिली आणि आज जगातल्या कितीतरी देशांत कामावरून सुटलेले बाप, काका, शेजारी संध्याकाळी बिनपगारी प्रशिक्षक होऊन मुलांना बेसबॉल शिकवतात. मात्र या लीगमध्येही मुलींना जागा नव्हती. एका मुलीचा प्रश्न न्यायालयात गेला तेव्हा कुठे १९७४ साली मुलींना दार उघडले. म्हणजे सुधारलेल्या म्हणवणाऱ्या देशालाही पस्तीस वर्षे लागली.

आपल्याला तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. 'स्लम सॉकर'ने मुलींसाठी वेगळे उपक्रम चालवले, मुलींचे संघ उभे केले. पोशाखाची अडचण पुढे केली जाते, तर फुटबॉलच्या नियमांत २०१४ पासून डोके झाकून खेळायला रीतसर परवानगी आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालूनच खेळली. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, शाळेचे बंद फाटकाचे अंगण घ्या, शिकवायला बाई ठेवा. मुलीने पळूच नये, असे म्हणण्यापेक्षा ती कुठे, कोणासमोर आणि कशी पळेल याची सोय पाहणे हे पालकांचे काम आहे. ज्या मुलीला पंधराव्या वर्षीच जिना चढताना धाप लागते, तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार आईबापांनी नाही करायचा तर कोणी करायचा?

'झुंड'मध्ये आणखी एक धागा आहे, तो आपल्या घरांना विशेष ओळखीचा वाटेल. एका आदिवासी मुलीला परदेशी खेळायला जाण्यासाठी पासपोर्ट हवा असतो आणि तिचा बाप साध्या ओळखीच्या कागदासाठी दारोदार हिंडतो. गुण अंगी आहेत, पण कागद नाही. म्हणून खेळाच्या चर्चेतही आम्ही पालकांना सांगतो की मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेतले नाव एकसारखे आहे ना, ते आज पाहून घ्या. तालुक्याच्या शालेय स्पर्धेतसुद्धा वयाचा पुरावा मागतात. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने मुलाचा हंगाम जाऊ शकतो.

आपण काय करू शकतो

बारसे सरांसारखी जमीन घेणे आपल्याला जमणार नाही. तेवढे कोणी मागतही नाही. पण वर सांगितलेल्या मैदानाची लांबी-रुंदी पुन्हा पाहा. २२ बाय १६ मीटर. बास्केटबॉलच्या मैदानाच्या आसपास. शाळेच्या पटांगणात, शादीखान्याच्या मोकळ्या आवारात, यात्रा संपल्यावर रिकाम्या पडणाऱ्या एखाद्या प्लॉटवर मालकाची परवानगी घेऊन एवढी जागा निघू शकते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, सात मिनिटांनी बदली. तासाभरात तीस मुले खेळून होतात. सामान म्हणजे दोन फुटबॉल, एक शिट्टी, चुन्याची पुडी, पाण्याचा कॅन, मलमपट्टीचा डबा आणि हजेरीची वही. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार नंबरचा चेंडू घ्यावा, मोठ्यांना पाच नंबरचा. क्रिकेट हवे असेल तर रबरी चेंडू आणि एक बॅट पुरे.

पैसा लागलाच तर विल्यम्सपोर्टची डेअरी आणि वखार आठवावी. आपला पट्टा तर कारखान्यांनी भरलेला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत खेळाचे प्रशिक्षणही आहे. नोंदणीकृत संस्था, स्वच्छ हिशेब आणि मुलांची हजेरी दाखवता आली तर मागायला तोंड राहते. पण आधी काम, मग अर्ज. अर्ज करून काम सुरू होण्याची वाट पाहणारे मंडळ आम्ही बरेच पाहिले; चेंडू घेऊन सुरुवात करणारे थोडे.

सर्वांत अवघड गोष्ट माणसाची. आपल्या वस्तीत असे कोणी असतेच. कंपनीतून निवृत्त झालेले एखादे चाचा, पहिल्या पाळीहून तीन वाजता सुटणारा कामगार, डीएड-बीएड करून नोकरीची वाट पाहणारी मुलगी, कधीकाळी तालुक्याला कबड्डी खेळलेला दुकानदार. त्यांना कोणी विचारलेले नसते एवढेच. आठवड्याचे सहा दिवस एका माणसाने करायचे म्हटले तर तो महिन्याभरात थकेल. सहा माणसांनी एकेक दिवस वाटून घेतला तर वर्ष निघेल. मशिदीच्या, शाळेच्या किंवा महिला बचत गटाच्या बैठकीत हा विषय पुढच्या महिन्यात नक्की ठेवता येईल. वार ठरवा, वेळ ठरवा, कोणत्या दिवशी कोण येणार त्याची नावे भिंतीवर लावा.

बक्षिसाची घाई करू नये. पहिल्या वर्षी चषक नको, उद्घाटन नको, पाहुण्यांचे हार नकोत. वहीत एकच गोष्ट पाहावी, जूनमध्ये आलेल्या तीस मुलांपैकी मार्चमध्ये किती जण अजून येतात. त्यांतला एखादा मोठा खेळाडू झाला तर अल्हमदुलिल्लाह. नाही झाला तरी तो दहावीपर्यंत शाळेत टिकला, पुडीला हात लावला नाही, आणि मोठा झाल्यावर आठवड्यातला एक दिवस आपल्याहून लहानांना शिकवायला आला, तर ते काम वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.